भारंबे सिस्टरांची नजर

“खाली, जमिनीवर बसलेल्या पेशंटकडे तुम्ही कसं बघायचात, सिस्टर?”

तन्वी अंबुलगेकरने बॅगेतून लॅपटॉप काढायच्या आधीच हे विचारलं. उज्ज्वला भारंबेला प्रश्नाचा रोख कळला नाही.

“कसं म्हणजे? पेशंट तो पेशंट. बाकावर बसला काय नि खाली बसला काय.”

अठ्ठावीस वर्षं शिकाऊ मुलींना ती हेच सांगत आली होती, त्यामुळे उत्तर द्यायला तिला विचार करावा लागला नाही. तन्वीने मान हलवली, पण वहीत काही लिहिलं नाही.

तन्वी पुण्याहून आली होती. पेशंटचा क्रम लावणारा यांत्रिक ‘क्रमदर्शक’ कुठे आणि कसा चुकला ते शोधायला चौकशी समितीने तिला पाठवलं होतं. आणि क्रमदर्शक समजून घ्यायचा तर धारणखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातच यावं लागत होतं, कारण तो शिकला इथे. उज्ज्वलाकडून.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या रुग्णालयात रोज पाचशे-सहाशे माणसं यायची आणि डॉक्टर असायचे चार. कुणाला आधी आत घ्यायचं ते ठरवायला दाराशी एक टेबल होतं. त्या टेबलावर उज्ज्वला बसायची. नाडी, ताप, चार प्रश्न, की हातात रंगीत चिठ्ठी. लाल म्हणजे लगेच, पिवळी म्हणजे तासाभरात, हिरवी म्हणजे थांबू शकतो. माणूस दारातून आत येतानाच भारंबे सिस्टरांना कळतं, असं डॉक्टर सांगायचे. गॅस झालाय, एखादी गोळी द्या, असं म्हणणाऱ्या एका शिक्षकाला तिने हाताला धरून आत नेलं होतं आणि त्यांना हृदयविकाराचा झटका आलेला निघाला होता. तिला राज्याचा उत्कृष्ट परिचारिका पुरस्कार मिळाला तेव्हा मानपत्रात ही हकिगत होती.

त्यानंतर कंपनीची माणसं आली. तीन वर्षं त्यांचे कॅमेरे तिच्या टेबलावर आणि समोरच्या हॉलवर रोखलेले होते. हृदयाच्या दर ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं, आणि त्यावरून लांबूनच नाडी मोजता येते. छातीच्या हालचालीवरून श्वास, चालण्यावरून तोल, आवाजावरून धाप. पण या मोजमापांवरून ठरवायचं काय, हे यंत्राला कुणी शिकवलं नाही. त्याला सव्वा लाख पेशंट दाखवले आणि प्रत्येकापुढे एकच उत्तर ठेवलं: याला भारंबे सिस्टरांनी कुठला रंग दिला. नियम त्याचे त्याने शोधले. शंभरात सत्त्याण्णव वेळा त्याचं उत्तर तिच्या उत्तराशी जुळायला लागलं तेव्हा शिक्षण पुरं झालं. टेबल निघालं, दाराशी प्रत्येकाचा रंग दाखवणारा पडदा लागला, आणि एकेचाळीस सरकारी रुग्णालयांत एकाच दिवशी क्रमदर्शक सुरू झाला.

फीत उज्ज्वलानेच कापली होती. “आजपासून सिस्टर एकेचाळीस ठिकाणी एकाच वेळी बसणार,” असं प्रमुख पाहुणे म्हणाले होते. ते वाक्य तिने घरी आणि माहेरी कितीतरी जणांना सांगितलं होतं.

“तुम्हाला एक दाखवते,” तन्वी म्हणाली.

लॅपटॉपवर हॉलचं चित्र होतं. बाकावर एक माणूस, आणि त्याच्या डोक्यावर क्रमदर्शकाने दिलेला पिवळा ठिपका.

“हा खरा माणूस नाही, मी तयार केलेला आहे. नाडी एकशे दहा, श्वास तीस, अंगात ताप. आता यातलं काहीही न बदलता मी याला फक्त खाली बसवते.”

तिने माणूस उचलून भिंतीशी ठेवला. ठिपका हिरवा झाला. मग तिने दुसरा माणूस घेतला, लाल ठिपक्याचा. खाली ठेवल्याबरोबर तो पिवळा झाला. तिसरा, चौथा. उज्ज्वला बघत राहिली.

“क्रमदर्शकाला जात सांगितली नव्हती, गाव सांगितलं नव्हतं, भाषाही नाही,” तन्वी म्हणाली. “याने फक्त तुम्ही काय करता ते बघितलं.”

“अहो, पण मी चुकत असते तर कळलं नसतं का? पेशंट परत आला असता. दगावला असता.”

“कंपनीलाही तसंच वाटलं. म्हणून त्यांनी पुढचं रेकॉर्ड तपासलं. हिरवी चिठ्ठी मिळालेला माणूस महिन्याभरात परत आला नाही, तर तो बरा झाला असं धरलं. डोंगरावरची माणसं परत येत नाहीत, सिस्टर. बरी झाली तरी नाही आणि नाही झाली तरी नाही.”

उज्ज्वलाने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“अकरा महिन्यांत, एकेचाळीस ठिकाणी, खाली बसलेला पेशंट सरासरी बावन्न मिनिटं जास्त थांबलाय. थांबण्यात सात जण गेले. तुमच्याकडची गिनाबाई पावरा वाचली, म्हणून ही चौकशी तरी लागली.”

गिनाबाई पावरा वरच्या मजल्यावर, बायकांच्या सर्जिकल वॉर्डात होती. आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी ती नवऱ्याबरोबर आली तेव्हा साडेदहा वाजले होते. ती वॉटर कूलरच्या बाजूच्या भिंतीशी जाऊन खाली बसली, गुडघे पोटाशी घेऊन, पदराचा बोळा तोंडात धरून. पडद्याने तिला हिरवा रंग दिला. नवरा वेस्ता बाजूला उभा राहिला.

टेबल गेलं तरी उज्ज्वला हॉलमध्येच असायची. तिच्याकडे आता देखरेख होती. पडद्याने दिलेला रंग चुकीचा वाटला तर तो बदलायचं बटण तिच्या गळ्यातल्या कार्डावर होतं. त्या मंगळवारी ती गिनाबाईजवळून दोनदा गेली. दुसऱ्या वेळी गिनाबाईने मान वर करून तिच्याकडे बघितलं होतं. उज्ज्वलाने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि ती पुढे गेली. मनात काही खटकलं नव्हतं. पडदा आणि ती यांचं एकमत होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी गिनाबाई आवाज न करता एका बाजूला कलंडली. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात दोन लिटरच्या आसपास रक्त साठलं होतं. डॉक्टरांनी तिला वाचवलं, पण दुसरी नळीही खराब निघाली. आता पुन्हा मूल राहणं अवघड.

तेव्हापासून जो भेटेल तो उज्ज्वलाला म्हणत होता, सिस्टर, तुमचं टेबल असतं तर हे झालं नसतं. आणि उज्ज्वला म्हणत होती, हो ना.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी वैद्यकीय अधीक्षक डॉ. कुलथ्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सरळ माणूस होता. गेली तीन वर्षं एकही सुट्टी न घेता दवाखाना ओढत होता.

“उद्या तुम्हाला एकच प्रश्न असेल,” ते म्हणाले. “तुम्ही टेबलावर असता तर त्या बाईला कुठला रंग दिला असता. तुम्ही लाल म्हणालात की विषय संपतो. यंत्र बंद, टेबलं परत. त्या टेबलांसाठी म्हणून आपल्या अकरा कंत्राटी सिस्टरांची मुदत मी त्याच दिवशी वाढवून घेतो.”

“आणि मी दुसरं काही म्हणाले तर?”

कुलथ्यांनी चष्मा काढून पुसला. “दुसरं काय म्हणणार तुम्ही?”

केबिनबाहेर रुबिना तडवी उभी होती. त्या अकरा जणींपैकी एक. उज्ज्वलाने तिला हाताशी धरून तयार केलं होतं, इंजेक्शन देण्यापासून ते नातेवाइकांना आवरण्यापर्यंत. त्या दिवशी गिनाबाईकडे पहिली धावली होती ती रुबिनाच.

“ताई, उद्या फक्त खरं ते सांगा,” रुबिना म्हणाली. “तुम्ही असता तर ती बाई अशी पडली नसती. सगळ्यांना माहीत आहे ते.”

तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि उज्ज्वलाला तेच जड गेलं. खोटं बोल असं तिला कुणीच म्हणत नव्हतं. उलट तिने खरं बोलावं असं सगळ्यांना वाटत होतं, फक्त ते खरं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

घरी गेल्यावर ती गॅससमोर भाकरी थापत उभी राहिली आणि आठवत राहिली. खाली बसलेल्यांना ती काय समजायची? राग नव्हता. तिरस्कार तर मुळीच नव्हता. बाकावरची माणसं दर पाच मिनिटांनी टेबलाशी यायची, सिस्टर बघा ना, सिस्टर कधी, असं डोकं खायची. खालची बसून राहायची. त्यांची भाषा निम्मी कळायची, चार प्रश्नांना दहा मिनिटं लागायची. काटक असतात, त्यांना सवय असते, असं ती म्हणायची. म्हणता म्हणता ते तिला खरंच वाटायला लागलं होतं. सोय होती, एवढंच. राग असता तर निदान एखाद्या दिवशी तिला स्वतःला तरी दिसला असता.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत समितीचे पाच जण बसले होते. तन्वी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन होती. अध्यक्षांनी प्रश्न विचारला, अगदी कुलथ्यांनी सांगितला होता त्याच शब्दांत.

“मी तिला लाल चिठ्ठी दिली असती,” उज्ज्वला म्हणाली.

“खात्रीने?”

“खात्रीने.”

सगळ्यांनी माना हलवल्या. तन्वीचे हात टायपिंग करायचे थांबले होते. तिने उज्ज्वलाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा टायपिंग सुरू केलं.

उज्ज्वला बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात वेस्ता पावरा उभा होता. तिशीचा, बारीक अंगाचा. त्याची साक्ष अजून व्हायची होती. आतलं बोलणं उघड्या खिडकीतून त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

“सिस्टर, त्या मशीनला माणूस कळत नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला कळतो. मी साहेबांना हेच सांगणार.”

आणि तो तिच्या पायाशी वाकला.

उज्ज्वला मागे सरकली. मागे खांब होता, त्यावर तिची पाठ आपटली. आजवर कितीतरी जण तिच्या पाया पडले होते आणि तिने राहू द्या, राहू द्या म्हणत ते घेतलं होतं. आज तिला ते घेववलं नाही. कुणीतरी आपल्याला सगळ्यांदेखत उघडं पाडावं, असं तिला वाटलं. पण कुणीच पाडत नव्हतं. वेस्ता हात जोडून आत गेला.

ती जिन्याने सर्जिकल वॉर्डात गेली. गिनाबाई खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. हाताला सलाईन होतं. उज्ज्वलाने स्टूल ओढलं.

“गिनाबाई, तुला एक सांगायचंय. कळेल ना मराठी?”

“कळते,” गिनाबाई म्हणाली. “आश्रमशाळेत दहावीपर्यंत होते मी.”

तिचं मराठी स्वच्छ होतं. उज्ज्वलाने स्टूल आणखी जवळ घेतलं.

“मी आत्ता खोटं सांगून आले. मी टेबलावर असते तर तुला लाल चिठ्ठी दिली असती, असं म्हणाले. नसती दिली. हिरवीच दिली असती.”

गिनाबाईने खिडकीबाहेर बघितलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचा खोकला तिने थांबू दिला.

“माहीत आहे,” मग ती म्हणाली. “तुम्ही दोनदा जवळून गेलात.”

“हो.”

“दुसऱ्यांदा माझ्याकडे बघितलंत. मी तुम्हाला हाक मारणार होते.”

“मग मारायची ना,” उज्ज्वला बोलून गेली, आणि आपला सूर तिला ऐकू आला. वॉर्डात बायकांवर डाफरायचा तोच सूर.

गिनाबाईला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती शांतपणे सांगत गेली.

“माझी मुलगी इथेच झाली, सहा वर्षांपूर्वी. तुमची ड्यूटी तेव्हा बाळंतपणाच्या वॉर्डात होती. कळा यायच्या तशी मी ओरडायचे. तुम्ही आलात आणि म्हणालात, ओरडू नकोस, हे जंगल नाही. मग मी गप्प झाले. तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात, म्हणालात, शहाणी आहेस, अशी गप्प राहिलीस की लवकर सुटशील.”

उज्ज्वलाला काहीच आठवत नव्हतं. आठवायचं कारणही नव्हतं. ते वाक्य ती एकीला म्हणाली नव्हती. कितीजणींना म्हणाली होती याचा हिशोबच लागला नसता.

“आमच्या पाड्यावर सगळ्या बायकांना माहीत आहे,” गिनाबाई म्हणाली. “धारणखेड्याला गेलं की ओरडायचं नाही. बाकावर बसायचं नाही, कुणी आलं की उठवतात. गप्प खाली बसायचं, म्हणजे सिस्टर रागावत नाहीत. नवीन पोरींना मीच शिकवते हे.”

सलाईनचे थेंब पडत होते. उज्ज्वलाने सवयीने वेग तपासला, चाक किंचित फिरवलं, आणि मग हात मांडीवर ठेवला. माफी मागावी असं तिच्या मनात आलं. पण माफी मागितली तर समोरचीला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि या बाईने आणखी एकदा आपली सोय बघावी असं तिला वाटेना.

“मी खाली जाऊन खरं सांगते,” ती म्हणाली.

“सांगा,” गिनाबाई म्हणाली.

वेस्ताची साक्ष चालू होती. उज्ज्वला दार ढकलून आत गेली आणि तो बोलायचा थांबेपर्यंत उभी राहिली. मग तिने आपला जबाब मागे घेतला. हिरवी दिली असती म्हणाली, का दिली असती तेही सांगितलं, आणि गिनाबाईने सांगितलेलं जंगलाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, हे लिहून घ्यायचं का? ती म्हणाली, त्यासाठीच आले आहे. कुलथ्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातलाच नाही. वेस्ता तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त गोंधळला होता, नेहमीच्या वाटेवर एकाएकी पूल खचलेला दिसावा तसा.

व्हरांड्यात रुबिनाने तिला गाठलं.

“हे कशाला केलंत, ताई?”

“तू खरं सांग म्हणालीस.”

रुबिनाने भिंतीला हात टेकला. “तुमच्या सुट्टीला टेबलावर बसायचे तेव्हा मी पण हिरवीच द्यायचे,” ती हळू आवाजात म्हणाली. “माझी आजी त्याच डोंगरातली. मला त्यांची बोली येते. मी त्यांच्याशी बोलू शकत होते. पण तुम्ही काय करता ते बघून मी करत गेले. तुमच्यासारखं व्हायचं होतं मला.”

त्या दिवसानंतर तिने उज्ज्वलाला ताई म्हटलं नाही. सिस्टर म्हणायची.

समितीने एकेचाळीसही ठिकाणचे क्रमदर्शक सहा महिन्यांसाठी बंद केले. टेबलं परत आली आणि रुबिनासकट अकरा जणींना तेवढ्यापुरती मुदत मिळाली. उज्ज्वलाला टेबल मिळालं नाही. तिने मागितलंही नाही. पुरस्कार परत घ्यावा असं तिने खात्याला लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. माहेरच्या लोकांनी फोन केले आणि यंत्राबद्दल, राजकारणाबद्दल, सगळ्याबद्दल बोलले. तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. तिचा नवरा एवढंच म्हणाला की, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं नसतं. तो चुकीचं बोलत नव्हता.

यंत्राला नव्याने शिकवायचं होतं. तन्वीने एक पद्धत काढली. तीन वर्षांच्या चित्रणातून हिरवी चिठ्ठी मिळालेले आणि कधीच परत न आलेले चार हजार जण तिने वेगळे काढले. या वेळी सिस्टरांनी कुठला रंग दिला ते यंत्राला सांगायचं नव्हतं. त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगायचं होतं. ते रेकॉर्डमध्ये नव्हतं, पाड्यांवर होतं. म्हणून तन्वीने डोंगरातल्या तीन बायकांना कामावर घेतलं. त्यांपैकी एक गिनाबाई होती. अजून ती जिना चढताना मध्ये थांबायची.

या कामाला रुग्णालयातलीच एक खोली दिली होती आणि उज्ज्वलाची बदली तिथेच झाली होती. चित्रण लागायचं, बायका माणूस ओळखायच्या, कुणाच्या पाड्यावरचा, आता कसा आहे ते सांगायच्या. मग तन्वी उज्ज्वलाला विचारायची, त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं होतं? तेही नोंदवायचं होतं. पहिल्या दिवशी उज्ज्वलाने कारणं दिली होती, गर्दी होती, ताप नव्हता, नाडी ठीक होती. दुसऱ्या दिवशी कमी दिली.

चौथ्या दिवशी पडद्यावर एक उतारवयाची बाई आली. टेबलापुढे उभी होती, छातीला हात लावून काहीतरी सांगत होती. टेबलामागची उज्ज्वला मान खाली घालून चिठ्ठी फाडत होती.

“थांबवा,” गिनाबाई म्हणाली. बाकीच्या दोघी पुढे वाकल्या आणि आपसात त्यांच्या बोलीत बोलल्या. “ही आमच्याच पाड्यावरची. इथून परत आल्यावर दोन दिवसांनी वारली.”

तन्वीने केसपेपर उघडला. “कमलाबाई, वय पंचावन्न.”

“कमला नाही,” गिनाबाई म्हणाली. “केसपेपरच्या खिडकीवरच्याला समजलं नसेल. त्याने त्याच्या मनाने लिहिलं.”

“मग काय नाव?” उज्ज्वलाने पेन घेतलं.

“खुमली.”

“पुन्हा सांगता का? मला नीट लिहायचंय.”

गिनाबाईने पुन्हा सांगितलं. उज्ज्वलाने लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. गिनाबाईने वाचून मान हलवली.

“सिस्टर, तुम्हाला हिच्यात काय दिसलं होतं?” तन्वीने विचारलं.

उज्ज्वलाने पडद्याकडे बघितलं. खुमलीबाईचा चेहरा सरळ तिच्याकडे होता. कपाळाला घाम, ओठ निळसर. शिकाऊ पोरीलाही दिसलं असतं.

“मी बघितलंच नव्हतं,” ती म्हणाली. “तसंच लिहा.”

तन्वीने तसंच लिहिलं. गिनाबाईने साडीचा पदर सारखा केला, खुर्ची थोडी पुढे घेतली आणि म्हणाली, “पुढचं लावा.”